मेबलची हिरवळ आणि सिरिलची कबुतरं

मेबल क्रॉसलंडला घरामागं हिरवळ हवी होती, हे हॅगथॉर्पमध्ये एकाच सकाळी सगळ्यांना कळलं, कारण ते तिनं खाणीच्या कँटीनमध्ये सांगितलं. रात्रपाळीची माणसं वर आली होती, सकाळपाळीची खाली जायची होती, आणि दोन्हींची मिळून रांग काउंटरपासून दारापर्यंत गेली होती. मेबल पावात बेकन भरत होती. शेजारी चहा ओतणारी फ्लॉरी डायसन नव्या वसाहतीला नावं ठेवत होती. फ्लॉरीला तिथं अजून घर मिळालं नव्हतं.

"घरं कसली, बिस्किटांचे डबे," फ्लॉरी म्हणाली. "आणि मागं काय, तर काळं वाळवंट. कपडे वाळत घालायला गेलं की घोट्यापर्यंत पाय काळे."

"तिथं मी हिरवळ करणार आहे," मेबल म्हणाली.

"कशावर? त्यावर? अगं, तिथं तणसुद्धा विचार करून उगवतं!"

रांगेत हशा झाला. मेबलनं हातातला पाव खाली ठेवला. "उन्हाळ्याच्या तोंडावर व्हिट्सनचा सण येईल ना, त्याच्या शनिवारी कँटीनमधल्या तुम्ही सगळ्या माझ्याकडे चहाला. बाहेर, हिरवळीवर. आणि चहाचा ट्रे मी हिरवळीच्या मधून चालत आणणार. कडेनं नाही, मधून."

"मधून का?"

"पुढचा कोण?" मेबल रांगेला म्हणाली, आणि विषय तिच्यापुरता संपला. गावापुरता तो तिथं सुरू झाला.

मधून का, हे फ्लॉरीला खरं तर माहीत होतं. मेबल सात भावंडांतली चौथी. शाळा सुटल्या सुटल्या तिला गावापासून लांब एका बड्या घरी कामाला ठेवलं. त्या घरापुढं एवढी मोठी हिरवळ होती की तिच्या पार टोकाला देवदाराखाली मांडलेलं टेबल स्वयंपाकघरातून खेळण्यातलं वाटे. उन्हाळ्यात दुपारचा चहा तिथं. नियम असा, की नोकरांनी हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. बुटांच्या टाचा रुततात. मग ट्रे घेऊन खडीच्या वाटेनं पूर्ण वळसा. मेबल टेबलाशी पोचेपर्यंत चहा कोमट झालेला असे, आणि बाईसाहेब कपाला ओठ लावून म्हणत, "क्रॉफ्ट, चहा गार आहे." माहेरचं आडनाव. पुढची सहा वर्षं तिला तिथं दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

ती गोष्ट सांगताना मेबल रडत वगैरे नसे. हसायची. पण सांगायची वारंवार, आणि वळशापाशी आली की हातात ट्रे धरल्यासारखे कोपर अंगाशी घ्यायची.

नंतर हर्बर्ट क्रॉसलंडशी लग्न, खाणीच्या जुन्या आळीत घर, दोन मुलं. मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेली. जुन्या आळीत घरामागं फरसबंद चौक, त्यात नळ, संडास आणि वाळत घातलेले कपडे. गवताचं पातं पाहायचं तर चर्चच्या दफनभूमीत जावं लागे. नवी वसाहत झाली तेव्हा तिथं प्रत्येक घरामागं स्वतःची जागा आहे, हे कळल्यावर मेबलनं स्नानघराबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. बाकीच्या बायका नळ सोडून गरम पाणी येतंय का बघत होत्या. ही मागच्या दारात उभी.

जागा होती, माती नव्हती. कोळशाबरोबर वर येणारा काळा दगडचुरा आमच्याकडे वर्षानुवर्षं जिथं टाकला, तेच माळरान सपाट करून वसाहत उठवली होती. बांधणाऱ्यांनी वरून माती पसरली होती, दुधावर साय असावी तेवढी. फावडं मारलं की खण्ण आवाज येई. पहिल्या आठवड्यात मेबलला विटांचे तुकडे, तारेचं भेंडोळं आणि एक डावा बूट सापडला. ऊन पडलं की तो चुरा तव्यासारखा तापे, आणि पाऊस पडला की पाणी वर तसंच उभं.

शेजारी सिरिल हॉयलंड राहायला आला. तोही जुन्या आळीतलाच, विधुर, आणि कबुतरवाला. शर्यतीची कबुतरं. घर बदलायच्या दिवशी सिरिलनं आधी कबुतरखाना फळी फळी सुटा करून हातगाडीवरून आणला, उभा केला, पाखरं आत घातली, आणि मग संसाराच्या सामानाकडे वळला. तोवर सामान पावसात भिजत होतं.

हॅगथॉर्पमध्ये कबुतरांच्या शर्यतीची एक शिस्त आहे. पाखरं दूर कुठं दक्षिणेच्या किनाऱ्यावरून सोडतात. ती घराकडे निघतात. पण नुसतं घरावर पोचून भागत नाही. पाखराच्या पायात रबराची कडी असते. ती काढून शर्यतीच्या घड्याळात टाकली की वेळ नोंदली जाते, आणि कडी काढायची तर पाखरू कबुतरखान्यात शिरायला हवं. दूरवरून आलेलं पाखरू बिचकतं. काही हललं, फडफडलं, चमकलं, की ते छपरावर बसून राहतं आणि शर्यत हातची जाते. म्हणून शनिवारी दुपारी पाखरं यायच्या सुमारास आळीत सगळं थांबायचं. दोरीवरचे कपडे आत यायचे, चेंडू काखेत जायचा, कुत्रं घरात कोंडलं जायचं. हे कुणी कुणाला सांगत नसे. मेबलनं लहानपणापासून शेकडो वेळा ओले कपडे दोरीवरून काढले होते.

मार्चअखेर कँटीनच्या रांगेत प्रत्येक जण हिरवळीतला जाणकार झाला. एक म्हणे राख घाल, दुसरा म्हणे राखेनंच तर वाट लागलीय. एकानं मेलेली मेंढी पुरायचा सल्ला दिला. मेबल सल्ला ऐकायची, आणि तो पटला तर बेकनचा एक काप जास्त घालायची. त्यामुळं सल्ले वाढले, दर्जा घसरला.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं : जमिनीत जीव नाही, खत पाहिजे. आणि खत कुंपणापलीकडेच होतं.

"सिरिल, तुझ्या कबुतरांची घाण देशील का?"

"पोतंभर काय मागतेस, गाडाभर ने," सिरिल म्हणाला. तो रोज सकाळी कबुतरखाना खरवडायचा आणि मागं ढीग घालायचा. जुन्या आळीतून येताना त्यानं जुना ढीगही आणला होता, पाखरांच्या खालोखाल. "मागच्या बाजूचं घे हं. पुढचं ताजं आहे."

मागच्या बाजूचं ओलं, काळं आणि जड होतं. पुढचं कोरडं, भुसभुशीत, पोत्यात छान बसणारं. मेबलनं पुढचं घेतलं.

तिनं ते सढळ हातानं पसरलं, दाताळ्यानं ओढून सारखं केलं, वर गवताचं बी फोकलं, झारीनं पाणी घातलं आणि वाट बघू लागली. हर्बर्टला तिनं कोळशाच्या खोलीकडे जायला कडेची वाट लावून दिली. तो पाळी करून आला की तिथं उभा राहून पाइप ओढत जमिनीकडे बघे.

"उगवलंय," एके दिवशी तो म्हणाला.

मेबल चुलीवरचं भांडं तसंच सोडून धावली. खरंच हिरवं दिसत होतं.

"पण मेबल, हे गवत जरा जाड नाही का?"

जाड होतं. दोन-दोन गोल पानं होती त्याला. आठवडाभरात त्याला लहान हिरवे तणावे फुटले आणि ते धरायला काहीतरी शोधू लागले. मधेमधे रुंद पात्याचं काहीतरी ताठ वर येत होतं, तो मका निघाला. बाकीचे वाटाणे. कबुतरं दाणे खातात त्याहून जास्त उडवतात, आणि सिरिलच्या कबुतरखान्यातून खरवडलेल्या त्या भुसभुशीत खतात निम्मं धान्य होतं. खरं गवत उगवलं होतं तेही, पण ताज्या खताच्या तेजानं पिवळं पडून जळालं. वाटाण्याला ते खत मानवलं.

सिरिल कुंपणावर हात टेकून वाकला.

"तरीच!" तो म्हणाला. "मी म्हणतोय, माझी दाण्याची पोती एवढी लवकर संपतात कशी!"

"हसू नकोस."

"हसत नाहीये. मागच्या बाजूचं घे म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस. का, ते नव्हतं सांगितलंस."

"मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं."

व्हिट्सनच्या शनिवारी चहा स्वयंपाकघरात झाला. सगळ्या बायका दाटीवाटीनं बसल्या आणि खिडकीतून वाटाण्यांकडे बघत राहिल्या. फ्लॉरी येताना पुदिन्याची जुडी घेऊन आली.

"हे कशाला?" मेबलनं विचारलं.

"वाटाण्याबरोबर शिजवायला. तुझ्याकडे पीक बरं आलंय असं ऐकलं."

हशा ओसरेपर्यंत मेबल थांबली. मग तिनं पुदिना पाण्यात घालून खिडकीत ठेवला. "पुढच्या व्हिट्सनला," ती म्हणाली. "याच दिवशी. हिरवळीवर."

"पुढच्या वर्षी काय, फ्लॉवर का?"

"फ्लॉरी, पुढच्या वर्षी तू आधी गवत बघशील आणि मग तोंड उघडशील."

कँटीनमध्ये बोललेला शब्द आमच्याकडे गुळगुळीत होईपर्यंत वापरला जातो. त्या उन्हाळ्यात मेबलसमोरून एकही माणूस 'वाटाणे आहेत का' असं विचारल्याशिवाय पुढं सरकला नाही. एकदा चुकलं त्याला इथं हसतात. दोनदा चुकलं तर त्याला नाव पडतं, आणि ते थडग्यापर्यंत जातं. तिच्या चुलत्याला एकदा जिना चढताना घसरल्यावर पडलेलं नाव त्याच्या अंत्ययात्रेतही कुणीतरी घेतलं होतं. मेबलला हे पक्कं ठाऊक होतं.

म्हणून या खेपेला तिनं घाई केली नाही. उन्हाळाभर पेरलंच नाही. आधी वाटाणे उपटले, मग जमीन खोदायला घेतली. हर्बर्टनं सुरुवातीला साफ नकार दिला.

"दिवसभर खाली खोदतो. घरी येऊन वर खोदू?"

"तुला कुणी सांगितलंय?"

तो पायरीवर बसून बघत राहिला. पण तिचं फावडं धरणं त्याला सहन होईना. "अगं, कंबर मोडशील. असं नाही. दे इकडं." तिनं दिलं. त्यानंतर ते फावडं तिच्या हातात परत आलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

वीतभर चुरा त्यांनी उलथला. मोठे दगड वेचले, बाकीचं शेकोटीपुढच्या लोखंडी जाळीतून चाळलं. आंबट जमिनीसाठी चुना हवा होता. कबुतरखान्याला द्यायचा सिरिलचा चुना होता, तो त्यानं दिला. चुना आणि खत एका वेळी घालायचं नाही, हे रांगेतल्या एका अबोल माणसानं सांगितलं आणि बेकनचे दोन काप मिळवले. चुन्यानंतर काही आठवड्यांनी सिरिलच्या ढिगाच्या अगदी मागचं, काळं, वास गेलेलं खत आलं. मेबलनं त्यातली मूठ हातावर पसरून, चष्मा लावून, दाणा शोधला. सिरिलला ते लागलं.

"दोन वर्षांचं आहे ते."

"असेल. मी बघतेय फक्त."

तरीही माती कमी पडत होती. आमच्या गावाबाहेरच्या कुरणात मोल फार. हा आंधळा, मखमली अंगाचा प्राणी जमिनीखाली बोगदे काढतो आणि वर मातीचे छोटे ढीग टाकतो. ती माती चाळायला नको इतकी बारीक असते. कँटीनच्या बायका रविवारी फिरायला जाताना पिशव्या घेऊन जाऊ लागल्या. फ्लॉरीनं भाचीची बाबागाडी नेली आणि भरून आणली; वाटेत पाद्रीबाबांनी कौतुकानं आत वाकून बघितलं.

"तू का आणतेस?" मेबलनं तिला विचारलं. "तुला तर मी हरायला हवीय."

"मला बाहेर बसून चहा हवाय," फ्लॉरी म्हणाली. "तुझ्या स्वयंपाकघरात माझी कोपरं दुखली."

जमीन सारखी करून मेबलनं ती तशीच सोडली. तण आलं, ते खुरपलं. पुन्हा आलं, पुन्हा खुरपलं. जे उगवायचं ते आधीच उगवून जाऊ दे, हा हिशेब. ऑगस्टमध्ये शेवटचा वाटाणा वर आला. तो तिनं मुळासकट उपटला आणि सिरिलच्या दाराच्या कडीला अडकवला.

सप्टेंबर लागला. रात्री गार, जमीन अजून ऊबदार, दोन दिवस झिमझिम पाऊस आणि मग उघडीप. सकाळी मेबलनं मातीचा गोळा मुठीत दाबला. तो झाला, आणि बोटानं ढकलल्यावर फुटला. वाफसा आला होता. हर्बर्ट आणि ती शेजारी शेजारी उभे राहून, पाऊल पावलाला चिकटवत, टाचांवर भार देत सगळी जागा तुडवत गेले, म्हणजे कुठं पोकळ राहू नये. लांबून ती दोघं म्हातारपणी नाच शिकताहेत असं दिसत होतं, असं सिरिलनं नंतर सांगितलं. मग दाताळं. मग बी, वाळूत मिसळून. निम्मं लांबीनं फोकलं, निम्मं आडवं. पुन्हा दाताळं, हलकं, नुसतं दाणा झाकेल इतकं.

आणि पाखरांसाठी बंदोबस्त. शिवणाच्या डब्यातला काळा दोरा खुंट्यांना ताणून त्याला तिनं दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणं बांधली. अख्ख्या वसाहतीतून जमवली होती. वारा आला की ती सगळी जागा लखलखायची आणि किणकिणायची.

दुसऱ्याच दिवशी सिरिल कुंपणाशी आला. टोपी हातात होती, तेव्हाच मेबलला कळलं की तो काहीतरी मागायला आलाय.

"मेबल, ती झाकणं."

"काय झालं झाकणांना?"

"चमकतात."

"चमकावीत म्हणूनच लावलीत."

"शनिवारी पिल्लांची शेवटची शर्यत आहे. यंदा एक निळी मादी आहे माझ्याकडे, डचेस. तिच्यासारखं पाखरू वीस वर्षांत झालं नाही. पण पहिल्यांदाच इतक्या लांबून येतेय. खाली हे असं लखलखताना दिसलं तर ती छपरावर बसेल आणि उतरणार नाही."

"आणि झाकणं काढली तर चिमण्या माझं बी खातील."

"चिमण्या किती खाणार?"

"आणि तुझी कबुतरं?"

"माझी कबुतरं गवताचं बी खात नाहीत. त्यांना चांगल्या सवयी आहेत."

"त्यांच्या सवयी मी एप्रिलमध्ये बघितल्यात, सिरिल."

टोपी फिरवत तो उभा राहिला. "जुन्या आळीत मला कधी विचारावं लागलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला, आणि आत गेला.

हे त्यानं मुद्दाम म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते लागलं. मेबल दिवसभर भांडी आपटत होती. हर्बर्टनं वर्तमानपत्रामागून विचारलं, "मग?"

"मग काय? बी माझं आहे. वर्ष माझं गेलंय. दुसऱ्यांदा फसलं तर मला मरेपर्यंत वाटाणे म्हणतील."

"हं."

"हं काय?"

"काही नाही. हं."

शनिवारी दुपारी मेबलनं झाकणं काढली. दोराही काढला, पाखराच्या पायात अडकेल म्हणून. मग मागच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचणाऱ्या हर्बर्टशेजारी बसली. वसाहतीत नेहमीसारखी शांतता पसरली. नवी घरं, पण माणसं तीच. कपडे आत गेले, कुत्री आत गेली. कुंपणापलीकडे सिरिल आभाळाकडे बघत उभा.

पहिल्यांदा एक चिमणी आली. कडेला उतरून तिनं इकडंतिकडं बघितलं. कुणी हलत नाही असं दिसल्यावर ती बाकीच्यांना घेऊन आली. मेबलचे हात मांडीवर होते. टाळी वाजवली असती तर सगळा थवा उडाला असता. तिनं टाळी वाजवली नाही. कुंपणालगतच्या पट्ट्यात चिमण्या रांगेनं पुढं सरकत राहिल्या, शांतपणे, कँटीनमधल्या रांगेसारख्या.

"एक पान उलटू का?" हर्बर्टनं ओठ न हलवता विचारलं.

"नको."

डचेस फार उशिरा आली. वाटेत वारा विरुद्ध पडला होता. आली ती सरळ आत शिरली, पण तोवर इतरांची घड्याळं कधीच वाजली होती. सिरिल कडी घड्याळात टाकून बाहेर आला तेव्हा मेबल उठली, हात झटकले, आणि चिमण्या भुर्रकन उडाल्या. कुंपणालगतची पट्टी स्वच्छ झाली होती.

सिरिलनं ती पट्टी बघितली. सोमवारी तो बसनं बाजाराच्या गावी गेला आणि गवताचं बी घेऊन आला. पट्टी त्यानं स्वतः गुडघ्यांवर बसून पेरली, आणि उगवण होईपर्यंत आपली सगळी कबुतरं आत कोंडून ठेवली. कबुतरवाल्याला विचारून बघा, चांगल्या हवेत पाखरं आत ठेवणं म्हणजे काय असतं. पाखरं दिवसभर आतून घुमत होती आणि सिरिल त्यांना समजावत होता : "मला का सांगता? तिला सांगा."

गवत आलं. सुरुवातीला ते सरळ बघितलं तर दिसत नसे. पायरीवर बसून तिरकं बघितलं तर जमिनीवर हिरवा धूर पसरल्यासारखा वाटे. मेबलनं आधी जमिनीशी गाल लावून पानं दोन-दोन गोल नाहीत ना, ते तपासलं. नव्हती.

हिवाळाभर तिथं कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही. हर्बर्ट बर्फातही कोळशाच्या खोलीला वळसा घालून जायचा. एकदा बादली घेऊन येताना तो पुटपुटला, "त्या बड्या घरच्या बाईसाहेब परवडल्या." मेबलनं ते ऐकलं आणि तिला इतकं हसू आलं की पायरीवर बसावं लागलं. पण वाट तिनं बदलली नाही. वसंतात पहिली कापणी तिनं कात्रीनं केली, गुडघ्याखाली फळी घेऊन. पुढच्या कापण्यांना क्रिकेट मैदानावरचं यंत्र उसनं आलं. मधे शेवाळ होतं, दोन ठिकाणी टक्कल होतं, आणि सिरिलची पट्टी बाकीच्यापेक्षा वेगळ्या हिरव्या रंगाची होती, कारण त्यानं महागातलं बी आणलं होतं.

व्हिट्सनचा शनिवार आला. आमच्याकडे व्हिट्सनला ऐपत असो-नसो नवे कपडे लागतात, त्यामुळं कँटीनच्या बायका नव्या टोप्या घालून आल्या. खुर्च्या हिरवळीच्या पार टोकाला, कुंपणाशी मांडल्या होत्या. पांढऱ्या कापडाचं टेबल तिथंच. बायकांना तिथवर वाटेनं नेलं. त्या दिवशी हिरवळीवर पहिलं पाऊल कुणाचं, हे ठरलेलं होतं.

सिरिल कुंपणावरून डोकावला. टोपी हातात.

"बोल," मेबल म्हणाली.

"डचेस आज येतेय. म्हणजे, आज शर्यत आहे."

"मला माहीत आहे. आज शनिवार आहे."

"टेबलावरचं कापड..."

मेबलनं कापड काढलं.

"आणि फ्लॉरीच्या टोपीवरचं ते लाल..."

"टोपीला हात लावायचा नाही!" फ्लॉरी ओरडली. "चार वर्षांनी घेतलीय. तुझ्या पाखराला सांग, डोळे मिटून ये."

"निदान डोकं हलवू नकोस."

"मी बोलते तेव्हा डोकं हलतं."

"म्हणूनच म्हणतोय."

मेबल आत गेली. किटली उकळली, चहा चढवला, ट्रेमध्ये कप लावले. मोठा ट्रे, पाहुण्यांसाठीचा. ती मागच्या दारात आली, कोपर अंगाशी घेतले आणि पायरी उतरून सरळ हिरवळीवर पाऊल टाकलं. टोकाला बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. फ्लॉरीनं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, मिटलं.

मेबल बरोबर मधोमध पोचली असेल, तेवढ्यात कुंपणापलीकडून सिरिलचा दबका आवाज आला.

"आली!"

सगळे गोठले. बायकांचे हात जिथं होते तिथं. हर्बर्टची काडी पाइपपाशी पेटलेलीच. आणि मेबल, हातात भरला ट्रे, हिरवळीच्या मध्यावर.

डचेसनं वरून एक चक्कर मारली. आणखी एक. कबुतरखान्याच्या छपरावर बसली, मान वाकडी करून खाली बघितलं. सिरिलनं दाण्याचा डबा हलवला. "ये गं, ये, ये बाळा." तिनं पंख उघडले आणि उतरली. कबुतरखान्यात नव्हे, मेबलच्या हिरवळीवर.

"अरे देवा," सिरिल म्हणाला, अगदी हळू.

डचेस चालायला लागली. तिला घाई नव्हती. ती मेबलच्या बुटापाशी आली, त्याला बघितलं, वळसा घातला, गवतात चोच मारली.

"तुझं गवत खातेय ती," फ्लॉरी दात न उघडता म्हणाली.

"खाऊ दे," मेबल तशीच म्हणाली. "आणखी एका बाईसाहेबांसाठी उभी राहिलेय, त्यात काय."

"हात दुखत नाहीत?"

"दुखतात."

"मग ट्रे ठेव ना खाली!"

"हलू नको म्हणालाय ना तो."

बराच वेळ गेला. सिरिलचा डबा वाजत होता. मेबलनं नजर खाली नेली. तिच्या टाचा किंचित रुतल्या होत्या. मागं दारापर्यंत एक सरळ रांग उमटली होती, एकामागून एक, आणि त्यातली पहिली पावलं एव्हाना पुसून गवत पुन्हा उभं राहत होतं. ती ते बघत राहिली. चेहऱ्यावर काय होतं ते टोकावरून दिसत नव्हतं, आणि त्याबद्दल नंतर फ्लॉरी एक सांगते आणि हर्बर्ट दुसरं.

मग डचेसला गवताचा कंटाळा आला. ती उडाली, कुंपणावर टेकली आणि टुणकन कबुतरखान्यात शिरली. आत झटापट, घड्याळाची खट्, आणि सिरिलची आरोळी. ती तिसरी आली, हे संध्याकाळी कळलं. तेवढा वेळ हिरवळीवर गेला नसता तर पहिली आली असती, असं सिरिल आजही सांगतो. पण बाहेर सांगतो, मेबलसमोर नाही.

मेबल उरलेली निम्मी हिरवळ चालून आली. ट्रे टेबलावर ठेवला, कप भरले. फ्लॉरीनं पहिला घोट घेतला आणि थांबली.

"मेबल."

"काय?"

"चहा गार आहे गं."

क्षणभर कुणाला कळेना हसावं की नाही. मेबलनंच आधी सुरुवात केली. डोळे पुसत तिनं फ्लॉरीच्या हातातला कप काढून घेतला, मग बाकीच्यांचे, आणि सगळे ट्रेमध्ये परत लावले.

"थांबा," ती म्हणाली. "दुसरा करून आणते."

ती मधून गेली, आणि मधूनच आली.